हे खरे आहे काय?

महाराष्ट्र विधानमंडळातल्या लेखी प्रश्नाची घडण ठरलेली असते. पहिला भाग विचारतो, अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय? दुसरा ‘असल्यास’ने सुरू होतो. तिसऱ्यात शासनाने चौकशी केली काय, तीत काय आढळले आणि कोणती कार्यवाही केली, हे येते. शेवटचा भाग ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ इथे थांबतो. वाचणाऱ्याला ही भाषा कोरडी वाटते आणि तिच्यातून गावातला खड्डा बुजत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही, असे वाटून तो कागद बाजूला ठेवतो. हिमायतनगरसारख्या, नांदेड जिल्ह्याच्या पार कडेला पैनगंगेला टेकलेल्या तालुक्यात तर हे वाटणे फार जुने आहे.

तरीही मी या कागदाच्या बाजूने लिहितो आहे. तहसील कार्यालयात निवेदन दिले की पोच मिळते. पोच मिळाली म्हणजे उत्तर मिळेलच असे नाही. स्वीकृत झालेल्या प्रश्नाला मात्र मंत्र्याच्या नावाने, छापील, तारीखवार उत्तर द्यावे लागते. सामान्य माणसाच्या बाजूने सरकारला लिहायला लावणारी ही व्यवस्था आहे आणि ती आपल्याकडे उशिरा आली. १८९२ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या कायदेमंडळांच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. मुंबईच्या कौन्सिलात टिळक आणि गोखले बसले ते त्यानंतरच. पैनगंगेच्या अलीकडे तेव्हा निजामाचे राज्य होते. ज्या हिमायतनगरला जुनी माणसे आजही वाढोणा म्हणतात, त्या गावाला आपल्या मताने निवडलेल्या माणसाकरवी सरकारला जाब विचारण्याची संधी १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मिळाली. इतक्या उशिरा आलेला हक्क गैरसमजांपायी वाया जाऊ नये.

गैरसमज : आपण नांदेड जिल्ह्यातले, तेव्हा दिल्लीत आपले गाऱ्हाणे नांदेडचे खासदार मांडतील.

जिल्हा नांदेड, पण लोकसभा मतदारसंघ हिंगोली. हिमायतनगर तालुका हदगाव विधानसभा मतदारसंघात येतो आणि हदगाव, किनवट हे दोन मतदारसंघ उमरखेड, वसमत, कळमनुरी आणि हिंगोली यांच्यासोबत हिंगोली लोकसभेत मोडतात. म्हणजे तालुक्याचा जिल्हाधिकारी नांदेडला, खासदार हिंगोलीचा आणि आमदार हदगावचा. अनेकदा निवेदन चुकीच्या दारात पडते ते इथेच.

दुसरी चूक विषयाची. मुदखेड–आदिलाबाद मार्गावरचे हिमायतनगर स्थानक, तिथे थांबणारी गाडी, फाटकाऐवजी भुयारी मार्ग, हे सगळे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडे. त्यावर मुंबईतला कोणताही मंत्री उत्तर देऊ शकत नाही, ते लोकसभेत किंवा राज्यसभेतच विचारावे लागते. टपाल कार्यालयाचेही तसेच. ग्रामीण रुग्णालय, एसटी, महावितरणचे रोहित्र, पोलीस ठाणे, पीकनुकसानीचे पंचनामे हे मुंबईचे विषय. भोकर–किनवट राष्ट्रीय महामार्गाचा प्रश्न जरा अवघड आहे. रस्ता केंद्राचा, पण त्याच्या कामावर देखरेख कुठल्या यंत्रणेची हे आधी शोधावे लागते. नाहीतर ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढ्या एका ओळीत अधिवेशन संपते.

जिल्हा परिषदेचा विचार वेगळा करायला हवा. शाळेची गळकी खोली, अंगणवाडी, गावाला जोडणारा रस्ता यांबद्दल जाब विचारायची पहिली जागा म्हणजे जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, नांदेडचीही संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. सभा नाही, सदस्य नाही, तिथे विचारणारेही कोणी नाही. अशा काळात ग्रामविकास खात्याला आमदाराने घातलेला प्रश्न हाच गावाचा आवाज उरतो. या काळात आमदारांच्या प्रश्नांचे मोल दुप्पट झाले, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

गैरसमज : सभागृहात उभे राहून बोलले तरच काम. लेखी प्रश्न म्हणजे दुय्यम.

प्रश्नाचे दोन मुख्य प्रकार. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्या २० पैकीही तासाभरात चार-सहाच प्रत्यक्ष पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखीच पटलावर ठेवली जातात. म्हणजे संसदेत मिळणारी बहुतांश माहिती अशीच, न बोलता मिळते.

२०२० चे पावसाळी अधिवेशन आठवा. करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, लेखी प्रश्न तेवढे उरले. त्या लेखी उत्तरांतून जे बाहेर आले ते देशभर गाजले. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असे विचारल्यावर श्रम मंत्रालयाने लिहून दिले की अशी माहिती ठेवलेली नाही. त्याच आठवड्यात रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी सांगितले की श्रमिक गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ माणसे मरण पावली. एक खाते म्हणते नोंद नाही, दुसरे खाते आकडा देते. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते तासाभराच्या भाषणातून दिसले नसते. आपल्याला याचे सोयरसुतक अधिक असायला हवे, कारण ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, तो लोहमार्ग आपल्याच नांदेड विभागातला.

गैरसमज : अधिकाऱ्याला तोंडावर झापले की यंत्रणा हलते.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे पोहोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, पुढे खासदारांवर गुन्हाही नोंदवला गेला. संताप खरा होता. लोकांचाही होता, आणि मूल गमावलेल्या बाईसमोर उभे राहून संयमाच्या गोष्टी मी सांगणार नाही.

पण त्या दिवशी ज्यांची उत्तरे हवी होती ते मुद्दे झाडूने निघणारे नव्हते. नवजात शिशू कक्षात मंजूर खाटा किती आणि त्या दिवशी बाळे किती? औषधांची मागणी कोणत्या तारखेला गेली, पुरवठा कोणत्या तारखेला झाला, मधल्या काळात खरेदी कुठे अडली? हिमायतनगर, किनवट, माहूर अशा तालुक्यांतून त्या आठवड्यात किती गंभीर रुग्ण वर पाठवले गेले आणि तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्यावर उपचार का होऊ शकले नाहीत? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विष्णुपुरीत दगावणाऱ्या बाळाची कहाणी पुष्कळदा साठ-सत्तर किलोमीटर अलीकडे, बंद असलेल्या एखाद्या कक्षाच्या दारात सुरू झालेली असते. ती तिथे शोधायची तर आकडे लेखी मागावे लागतात.

गैरसमज : प्रश्न विरोधकांनी विचारायचे. सत्तेतला आमदार थेट मंत्र्यालाच फोन करतो.

फोनवर झालेल्या कामाची नोंद राहत नाही. मंत्री बदलला की ते कामही विसरले जाते. आणि सत्तेतल्या सदस्याच्या प्रश्नाला धार नसते, हेही खरे नाही. मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत शिवसेनेच्या नीलम गोऱ्हे यांनी त्यावर प्रश्न विचारला. आरोग्यमंत्री होते एकनाथ शिंदे, म्हणजे पक्ष तोच, सत्ताही तीच. त्यांना सांगावे लागले की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. चौकशीसाठी समिती नेमली गेली. तोवर जी गोष्ट अफवा म्हणून झटकता येत होती, ती त्या उत्तरानंतर सरकारच्याच तोंडची झाली.

नांदेडच्या डोंगरपट्ट्यातूनही दिवाळीनंतर कोयत्यावर जाणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांची शाळा, बायकांची बाळंतपणे, मुकादमाची उचल, यांवर असा आकडा मागणारा प्रश्न कुठल्याही बाकावरचा सदस्य विचारू शकतो. विचारता येत नाही तो फक्त मंत्र्याला. आपला आमदार मंत्री झाला की गावात फटाके वाजतात, पण मंत्री मंत्र्याला प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसलेला असतो. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातल्या आमदाराकडे किंवा परिषदेतल्या पदवीधर, शिक्षक मतदारसंघांच्या प्रतिनिधींकडे जायला कुणाची आडकाठी नाही.

गैरसमज : उत्तर मंत्री लिहितात. आणि छापून आले म्हणजे ते खरेच असते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक प्रश्न इथेच मरतात.

विधानभवनातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथला कक्ष अधिकारी तो संचालक किंवा आयुक्तांकडे पाठवतो, तिथून तो जिल्ह्याला येतो आणि शेवटी तालुक्यातल्या त्याच टेबलावर पोहोचतो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. त्या टेबलावरून गेलेली ‘वस्तुस्थिती’ पुन्हा वर चढते, प्रत्येक पायरीवर थोडी गुळगुळीत होते आणि मंत्र्यांच्या सहीने छापली जाते. यात मंत्री खोटे बोलतो असे नव्हे. प्रश्न जितका सैल, तितकी खालच्या टेबलाला मोकळीक मिळते.

‘हिमायतनगर तालुक्यात आरोग्य सेवेची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?’ असे विचारले की ‘हे खरे नाही’ असे उत्तर येते आणि पुढच्या तीन भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापले जाते. एका शब्दात चारही दारे बंद. कारण दुरवस्था हे मत झाले. लोकसभेचा नियम तर स्पष्टच सांगतो की प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप नसावा आणि तो साधारणपणे १५० शब्दांपलीकडे जाऊ नये. विशेषणे काढून टाकली की प्रश्न मवाळ होतो, ही समजूत चुकीची आहे. तो पकडीत येतो.

आता असे विचारून पाहू. हिमायतनगर येथील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी, अधिपरिचारिका व क्ष-किरण तंत्रज्ञ यांची मंजूर पदे किती, अमुक तारखेस त्यांपैकी भरलेली किती, आणि त्या तारखेस प्रत्यक्ष त्याच रुग्णालयात काम करणारी माणसे किती? भरलेल्या पदांपैकी कोणते कर्मचारी प्रतिनियुक्तीवर अन्यत्र आहेत, कोणाच्या आदेशाने व कधीपासून? मागील बारा महिन्यांत प्रसूतीसाठी आलेल्या किती स्त्रियांना नांदेडला पाठवले, महिनावार संख्या काय?

यात एकही विशेषण नाही. पण ‘प्रत्यक्ष काम करणारी’ या दोन-तीन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. ते नसतील तर ‘पद भरलेले आहे’ असे खरेखुरे उत्तर येते आणि तो डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी प्रतिनियुक्तीवर असतो. उत्तर खरे आणि खुर्ची रिकामी, दोन्ही एकाच वेळी.

उत्तर वाचायलाही शिकावे लागते. ‘अंशतः खरे आहे’ हे सर्वांत मोलाचे उत्तर, कारण कबुली मिळाली, आता उरलेला अंश कोणता एवढेच विचारायचे. ‘प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे’ असे आले तर पुढच्या अधिवेशनात प्रस्तावाची तारीख आणि तो कोणत्या स्तरावर आहे ते विचारावे. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ म्हणजे या वर्षी नाही. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे मात्र सोडून देऊ नये, कारण ते देणे बाकी असल्याची सरकारनेच दिलेली चिठ्ठी आहे.

उत्तर चुकीचे असेल तर? लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली सदस्य मंत्र्याच्या विधानातली चूक लेखी दाखवून देऊ शकतो आणि मंत्र्याला दुरुस्ती करता येते. जाणूनबुजून दिशाभूल झाली असेल तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते. पण चूक सिद्ध करायला पुरावा लागतो आणि तो गावाकडेच असतो. हजेरीपट, बंद यंत्राचा फोटो, माहिती अधिकारात मिळालेली नक्कल. छापील उत्तरे संसदेच्या आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळांवर असतात. आपल्या तालुक्याबद्दलचे उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे, असे मला मनापासून वाटते. रुग्णालयात यंत्र चालू आहे असे सरकार म्हणते आणि समोर बसलेल्या शंभर माणसांना ते बंद असल्याचे ठाऊक असते, तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

गैरसमज : ज्याचे प्रश्न जास्त, तो लोकप्रतिनिधी चांगला.

२०१४ ला महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले, नांदेडचे अशोक चव्हाण आणि हिंगोलीचे राजीव सातव. सातव १,६३२ मतांनी जिंकले. पाच वर्षांत त्यांच्या नावावर हजारावर प्रश्न लागले, संसदरत्न पुरस्कारही मिळाला. १६ मे २०२१ ला ते अकाली गेले. विरोधी बाकावरच्या खासदाराच्या हातात निधी नाही, मंत्रिपद नाही, पण प्रश्नाचे साधन आहे, हे त्यांनी ओळखले होते आणि मराठवाड्याने त्यांच्याकडून ते शिकायला हवे.

तरी संख्या हे मोजमाप नव्हे. देशपातळीवरच्या सर्वसाधारण प्रश्नावर पाच-सहा खासदारांची नावे एकत्र लागतात, उत्तरात राज्यवार तक्ता येतो आणि त्यात महाराष्ट्रासमोर एक आकडा असतो. त्या आकड्यात हिमायतनगर कुठे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने विधान परिषदेत सांगितले की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २०० प्रकरणे मदतीसाठी अपात्र ठरली. हा आकडा मिळाला हे चांगलेच झाले. पण मदत एक लाखाची आणि ती नाकारण्याचे कारण तालुका व जिल्हा पातळीवरच्या चौकशीत लिहिलेले असते. त्या २०० घरांना कोणत्या निकषावर नाही म्हटले, कर्ज कोणत्या सावकाराचे असल्यामुळे कागदावर आले नाही, हे तालुकावार विचारल्याशिवाय हाती लागत नाही. वर्षभरात शंभर प्रश्नांपेक्षा एकाच दवाखान्यावर किंवा एकाच निकषावर सलग चार अधिवेशनांत चार प्रश्न, असे करणारा सदस्य मला अधिक मोठा वाटतो.

गैरसमज : प्रश्न पैसे देऊन विचारले जातात.

असे घडले आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मुंबईचे हु. गो. मुदगल यांच्यावर सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि १९५१ मध्ये त्यांना हंगामी संसदेतून जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या चित्रीकरणानंतर ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांत महाराष्ट्रातले दोघे होते. पण ज्या प्रश्नाला बाजारात किंमत येते, तो बहुधा कुणाच्या ठेक्याचा किंवा परवान्याचा असतो. पळसपूरच्या पुलावर किंवा सरसमच्या शाळेवर प्रश्न विचारायला कुणी पाकीट देत नाही. तो प्रश्न फक्त तिथला माणूसच आमदाराच्या हातात ठेवू शकतो, फुकट.

गैरसमज : मंत्र्यांचे आश्वासन हवेत विरते.

विरते, पण आपोआप नव्हे. उत्तरात ‘करण्यात येईल’, ‘तपासून घेऊ’ अशी भाषा आली की ती आश्वासन म्हणून नोंदवली जाऊ शकते. लोकसभेत त्यासाठी १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे अशी अपेक्षा आहे. राज्य विधानमंडळातही आश्वासन समिती आहे, ती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते. समितीला आठवण करून देणे हे प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचे काम, आणि सदस्याला आठवण करून देणे आपले.

गैरसमज : अधिवेशन सुरू झाले की निवेदन घेऊन जावे.

तोवर उशीर झालेला असतो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. लोकसभेत किमान पूर्ण पंधरा दिवस. अधिवेशन चालू असताना हाती राहते ती लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा, आणि त्यांची संधी मिळेलच असे नाही.

पैनगंगेच्या काठच्या गावांसाठी हे वेळापत्रक फार महत्त्वाचे आहे. इसापूर धरणातून विसर्ग वाढला की पळसपूर, डोल्हारी, सिरपल्लीकडची शिवारे आणि रस्ते पाण्याखाली जातात, तेही ऑगस्ट-सप्टेंबरात. २०२५ ला सगळ्या मराठवाड्याने ते सोसले. पंचनामे त्यानंतर होतात आणि याद्या लागायला दिवाळी उजाडते. म्हणून याद्या लागल्याबरोबर, त्याच आठवड्यात, कोणत्या गटातल्या किती शेतकऱ्यांची नावे वगळली, पंचनामा कोणत्या तारखेला झाला, पाणी किती दिवस उभे होते आणि विसर्गाची पूर्वसूचना गावाला किती वाजता मिळाली, हे एका कागदावर लिहून हदगावच्या आमदारांकडे पोहोचले पाहिजे. सोबत तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत. मग नागपूरच्या यादीत ‘हे खरे आहे काय’ याच्यापुढे जे छापून येईल, ते त्या शिवारातले असेल.